एका नोटिशीचे रसग्रहण

मराठीत समीक्षकांना काही तोटा नाही. कादंबरीवर समीक्षा होते, कवितेवर होते, नाटक पडले तर ते का पडले यावर होते आणि चालले तर ते का चालायला नको होते यावरही होते. पण रोजच्या रोज लाखो माणसे जो वाङ्मयप्रकार वाचतात, वाचून घाबरतात आणि घाबरून काहीतरी भलतेच करून बसतात, त्या नोटीस नावाच्या वाङ्मयप्रकाराकडे एकाही समीक्षकाचे लक्ष गेलेले नाही. हे काम शेवटी माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसावर यावे हे मराठी समीक्षेचे दुर्दैव की माझे, ते वाचकांनीच ठरवावे.

माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. मी बावीस वर्षे बँकेत कारकून आहे. या बावीस वर्षांत जेवढ्या नोटिसा मी टाइप केल्या, पाकिटात घातल्या आणि 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आल्यावर फायलीला लावल्या, तेवढ्या कविता एखाद्या प्राध्यापकानेही वाचल्या नसतील. किमान शिल्लक राखा, थकलेला हप्ता भरा, लॉकरचे भाडे द्या, केवायसीची कागदपत्रे आणा – सगळे रस हाताळून झाले आहेत. त्यातला रौद्र रस आमच्या बाजूला असतो आणि करुण काउंटरच्या पलीकडे.

तर आता प्रस्तुत कृतीकडे वळू. ही कृती निनावी आहे. शेवटी फक्त 'संगणक विभाग' एवढेच आहे, म्हणजे ओव्यांच्या खाली जसे कवीचे नाव नसते तसे. माझा थोरला भाऊ अण्णा एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. तो निवृत्त झाला तेव्हा शाल आणि नारळ घरी आणला आणि विद्यापीठाचे ईमेलचे खाते तेवढे त्याच्याकडे राहिले. त्या खात्यावर हे पत्र आले. योगायोग असा, की त्याच सुमारास त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, ती अमेरिकेत जिथे पीएच.डी. करते त्या विद्यापीठाकडूनही अगदी अशाच मजकुराचे पत्र आले. मी दोन्ही पत्रे शेजारी-शेजारी ठेवून वाचली. याला तौलनिक साहित्याभ्यास म्हणतात असे मला मागाहून कळले.

पत्राचा आशय थोडक्यात असा. आपल्या खात्यातील साठा ९१ टक्के भरलेला आहे. मर्यादा पाच जीबी. अमुक तारखेपूर्वी जुना व अनावश्यक मजकूर काढून टाकावा, अन्यथा टपालाची ये-जा बंद होईल. कचरापेटीतील मजकूरही साठ्यात धरला जातो, सबब तीही रिकामी करावी. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

पहिले वाक्य वाचूनच माझ्यातला कारकून चाट पडला. आमच्याकडे खाते रिकामे होत आले की आम्ही ग्राहकाला झापतो. इथे खाते भरत आले म्हणून झापत आहेत! उद्या आमच्या मॅनेजरसाहेबांनी 'आपल्या बचत खात्यात फार पैसे साठले आहेत, कृपया काही अनावश्यक रक्कम फेकून द्यावी' असे पत्र काढले तर गावातले लोक त्यांची मिरवणूक काढतील. शेवटच्या वाक्यातले आगाऊ आभार मात्र ओळखीचे निघाले. सहकार्य झालेले नसताना आभार मानणे ही समस्त नोटीस-वाङ्मयाची परंपरा आहे, आणि ती इथे निष्ठेने पाळलेली आहे.

पण कोणतीही कृती तिच्या काळापासून तोडून वाचू नये असे म्हणतात. म्हणून थोडी पार्श्वभूमी.

मी बी.कॉम.ला असताना तासाला पैसे मोजून सायबर कॅफेत बसायचो. तेव्हा आपल्या सबीर भाटियांनी १९९६ साली जॅक स्मिथ या जोडीदाराबरोबर सुरू केलेले आणि पुढे मायक्रोसॉफ्टकडे गेलेले हॉटमेल होते. त्यात जागा मिळायची दोन एमबी. म्हणजे एका मित्राने सहलीचे फोटो पाठवले की दुसऱ्या मित्राचे पत्र परत जायचे. आम्ही पत्रे वाचायचो आणि लगेच पुसायचो, पाटीवर लिहिल्यासारखी. मग १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केले आणि एक जीबी जागा देऊ केली. हॉटमेलच्या पाचशेपट! तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. पुढल्या वर्षी त्याच तारखेला त्यांनी ती दुप्पट केली, आणि जागा सेकंदासेकंदाला वाढते आहे असा एक आकडाच पहिल्या पानावर पळता ठेवला, रिक्षाच्या मीटरसारखा. फरक इतकाच, की हा मीटर पळाला तर आपल्याला आनंद व्हायचा. पत्र काढून टाकायचे नाही, ठेवायचे आणि हवे तेव्हा शोधायचे, ही त्यांची शिकवण. सुरुवातीला तर काढून टाकायची सोय यादीत आत कुठेतरी दडवलेली होती, जुन्या वाड्यात मागल्या अंगाला असायची तशी.

विद्यापीठांकडे गूगल २००६ साली गेले आणि आपले टपाल फुकट चालवू लागले. २०१४ साली त्यांनी विद्यापीठांना आणखी एक शब्द दिला : अमर्याद. जागा अमर्याद, तीही विनामूल्य! आम्हां बँकवाल्यांना हा शब्द ऐकला की घाम फुटतो. आमच्या एकाही नियमपुस्तकात तो नाही. ज्याला मर्यादा नाही ते खतावणीत मांडता येत नाही, आणि जे खतावणीत मांडता येत नाही ते एक दिवस कुणाच्या तरी पगारातून वसूल होते. प्राध्यापक मंडळींनी मात्र त्यावर विश्वास ठेवला. बिचाऱ्यांना व्याजाची सवय नसते.

२०२१ च्या फेब्रुवारीत खुलासा आला. यापुढे अख्ख्या संस्थेला मिळून शंभर टीबी, आणि जुन्या संस्थांना हे २०२२ च्या जुलैपासून लागू. शंभर टीबीत दहा कोटी दस्तऐवज, किंवा ऐंशी लाख सादरीकरणे, किंवा चार लाख तासांची चित्रफीत मावते, असेही सोबत सांगितले होते. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण भागाकार करून पाहावा. पंचवीस हजार खात्यांचे विद्यापीठ धरले तर माणशी चार जीबी पडतात. आणि गूगल आपल्यासारख्या कुणाही सोम्यागोम्याला घरबसल्या फुकट किती देते? पंधरा! म्हणजे कुलगुरूंपेक्षा त्यांचा ड्रायव्हर अधिक ऐसपैस. पुढे मायक्रोसॉफ्टनेही २०२४ पासून विद्यापीठांना असाच शंभर टीबीचा सामाईक हिशेब लावला, तेव्हा पळून जायला दुसरे बिऱ्हाडही उरले नाही.

सामाईक हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमचे बालपण सामाईक टाकीच्या वाड्यात गेले. टाकीतले पाणी संपायला लागले की मालकाची पाटी लागायची, 'पाणी जपून वापरावे'. पाटी सगळ्यांना उद्देशून असायची. दुसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड रोज जिना धूत असायचे, पण पाटी वाचून घाबरायची ती तळमजल्यावरची म्हातारी, जी तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायची. विद्यापीठांनीही हेच केले. त्यांचा दोष तसा नाही, वरून टाकीच लहान झाली. अमर्याद म्हणून कुणी सिनेमे कोंबले असतील तर त्यांना कुणीतरी विचारायलाच हवे होते. मर्यादा घालण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पाटीच्या भाषेबद्दल आहे, आणि तिथेच या कृतीचा खरा दोष आहे.

दोष 'जुना व अनावश्यक' या तीन शब्दांत आहे. लेखकाने मधे एक 'व' टाकला आणि हाहाकार केला. वाचणाऱ्याला वाटते, जे जुने तेच अनावश्यक, आणि तेच काढल्याने जागा होणार. आता जागेचा हिशेब पाहा. नुसत्या मजकुराचे एक पत्र, त्याच्या पत्त्या-शिक्क्यांसकट, ढोबळ मानाने दहा केबी धरू. अण्णाच्या पाच जीबीत अशी सव्वापाच लाख पत्रे मावतात. रोज वीस पत्रे आली तर खाते भरायला एकाहत्तर वर्षे लागतील. सरळ बोलायचे तर पत्रांनी खाते भरतच नाही. खाते भरते ते पत्रांना जोडलेल्या गाठोड्यांनी. त्यात टपालाची एक जुनी खोड अशी, की जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलून पाठवावी लागते आणि त्यात तीन भागांचे चार भाग होतात. अठरा एमबीचे गाठोडे निघते आणि वाटेत फुगून चोवीस एमबीचे होते, लग्नाला गेलेल्या पाहुण्यासारखे. असे एक गाठोडे म्हणजे जवळजवळ अडीच हजार पत्रे. शिवाय गूगलच्या खात्यात टपाल, ठेवलेल्या फायली आणि फोटो हे तिन्ही एकाच मापात धरतात, म्हणजे गर्दी कोणी केली आणि बोलणी कोणी खाल्ली याचा मेळ नाही.

नोटिशीत यातले अक्षर नाही. संगणक विभागाला ते ठाऊक नसेल असे मी कसे म्हणू? ठाऊक असणारच. पण आम्हीही नोटिशीत ग्राहकाच्या सोयीचे कधी लिहीत नाही.

आणि म्हणून अण्णाने काय केले? वनस्पतिशास्त्राचा माणूस, शिस्तीचा. त्याने पत्रे जुन्यापासून नव्याकडे अशी लावली आणि २००९ पासून सुरुवात केली. सहा दिवस, चष्मा पुसून पुसून, सहा हजार पत्रे काढली. वहिनीने जेवायला हाक मारली की म्हणायचा, "थांब, दोन हजार अकरा संपत आलंय." सहाव्या दिवशी कचरापेटीही रिकामी केली, कारण तसे लिहिले होते. मग आकडा पाहिला. साठा ९१ वरून ९० टक्के झाला होता.

त्या सहा हजारांत काय होते? निम्मी सुट्टीची परिपत्रके होती, कबूल. पण २००९ ते २०१५ पर्यंतची त्याच्या गुरूंची पत्रेही होती. ज्यांच्या हाताखाली अण्णाने पीएच.डी. केली ते सर उतारवयात ईमेल शिकले होते आणि कासच्या पठारावरच्या गेंदाच्या जातींवरून त्यांचा आणि अण्णाचा वर्षानुवर्षे वाद चालला होता. गेंदाची फुले म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी बोंडे. जाती ओळखायच्या तर बी सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिच्या सालीवरची नक्षी पाहायची. या नक्षीवरून दोघे एखाद्या दिवाणी दाव्यासारखे भांडत. सर २०१६ साली गेले. अण्णाने पत्रे काढताना ती उघडून वाचली नाहीत. उघडली असती तर काढवली नसती, असे तो म्हणाला. इतके बोलून तो गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेला. त्या दिवशी सकाळीच घातले होते.

महिन्याभराने पुतणी सुट्टीवर आली. तिने शोधाच्या चौकटीत 'लार्जर', पुढे दोन टिंबे आणि 'टेन एम' एवढेच लिहिले. दहा एमबीहून मोठी सगळी पत्रे रांगेने उभी राहिली. नॅकची समिती यायची होती त्या वर्षी विभागाच्या अहवालाचे काम अण्णाकडे होते, त्याच्या त्रेचाळीस आवृत्त्या : 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल फायनल', आणि 'ही फायनल, आधीची धरू नये'. जवळजवळ एक जीबी. शिवाय टपालाबाहेर, फायलींच्या खणात, अण्णाच्या निरोपसमारंभाची दोन जीबीची चित्रफीत. तिच्यात पहिली चाळीस मिनिटे माइक चालत नाही. या दोन गोष्टी बाजूला केल्या आणि साठा ३० टक्क्यांवर आला. पुतणीला चार मिनिटे लागली.

"काका, ती पत्रं पण परत मिळाली असती," ती मला हळूच म्हणाली. "कचरापेटीत तीस दिवस असतात. आणि ती रिकामी केली तरी संस्थेचा अ‍ॅडमिन आणखी पंचवीस दिवसांपर्यंत परत आणू शकतो."

"मग?"

"पंचवीस दिवस होऊन गेले ना."

ही पंचवीस दिवसांची गोष्ट नोटिशीत का नसावी? इथे मला समीक्षकाची तटस्थता सोडावी लागते. आमच्या बँकेच्या पत्रांना लोक नावे ठेवतात, मीही ठेवतो. पण लॉकर सात वर्षे कुणी उघडला नाही आणि धनी सापडत नाही, तर तो फोडण्याआधी आम्हाला काय काय करावे लागते ते रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांत वाचा. आधी पत्रे पाठवा, ती परत आली तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतले. मग अधिकारी आणि दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर उघडा, त्याचे चित्रण करा, यादी करा, मोहोर लावा. आत काय निघेल? क्वचित सोने. एरवी मोडके मंगळसूत्र, रद्द झालेल्या नोटा आणि कुणाच्या तरी जावळाचे केस. दहा वर्षे ठेवीकडे कुणी फिरकले नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण त्यानंतरही वारस आला आणि कागद दाखवले, की आम्ही कुरकुरत का होईना, देतो. पाचशे रुपयांच्या ठेवीला एवढा मान. आणि सात वर्षांच्या पत्रव्यवहाराला पंचावन्न दिवस, तेही आपणहून पेटी रिकामी केली नाही तर!

कुणी म्हणेल, प्राध्यापकांच्या पत्रांचे एवढे काय? धारवाडला इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक होते. फारसे कुणाला भेटत नसत, पण पत्रे लांबलचक लिहीत. जी. ए. कुलकर्णी त्यांचे नाव. १९८७ साली ते गेले आणि त्यानंतर त्यांची पत्रे पुस्तकरूपाने आली. त्यांतला पहिला खंड सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. ती पत्रे आज आपल्याला वाचता येतात याचे कारण ती कागदावर होती आणि सुनीताबाईंच्या घरी होती, आणि पु. लं.च्या घरातले कपाट ९१ टक्के भरल्याची नोटीस कुणी काढली नाही. जी. ए. विद्यापीठाच्या खात्यावरून लिहीत असते तर? 'जुना व अनावश्यक मजकूर.' विचारही करवत नाही.

समीक्षकाने नुसते दोष दाखवू नयेत, असेही आमच्या शाखेतले एक वाचनप्रेमी कॅशियर म्हणतात. म्हणून सुधारित आवृत्ती सुचवतो. मी असतो तर असे लिहिले असते : महाशय, आम्ही तुम्हाला अमर्याद जागा देऊ केली होती, ती आता आमच्याकडेच राहिलेली नाही. तुमच्या पत्रांना हात लावू नका, त्यांना वजन नसते. आधी मोठी गाठोडी पाहा, ती अशी-अशी शोधावीत. चुकून काही पुसले तर पंचवीस दिवसांच्या आत आमच्याकडे या, अर्ज साध्या कागदावर चालेल. आणि सगळेच घरी न्यायचे असेल तर गूगलची 'टेकआउट' नावाची सोय आहे, हॉटेलातल्या पार्सलसारखी. आपले सगळे टपाल एका फाइलीत बांधून मिळते, ते स्वतःच्या डिस्कवर ठेवा. आमची माणसे मंगळवारी दुपारी तुमच्या मदतीला बसतील, निवृत्तांनी आधी यावे.

हा मसुदा मी अण्णाला दाखवला. त्याने व्याकरणाची एक चूक काढली आणि म्हणाला, "एवढी लांब नोटीस कोण वाचणार?" पुतणीला दाखवला. ती म्हणाली, तिच्या अमेरिकेतल्या विद्यापीठाने पार्सलची गोष्ट लिहिली होती, पण नवव्या परिच्छेदात एका निळ्या दुव्याखाली. तौलनिक अभ्यासात अमेरिकेला अर्धा गुण जास्त द्यायला हरकत नाही.

राहता राहिली सरांची पत्रे. कोल्हापूरला अण्णाचे एक गुरुबंधू आहेत. कॉलेजात असताना आलेले प्रत्येक ईमेल ते कागदावर छापून पंच करून फायलीला लावीत. त्यांचे सहकारी त्यांना हसत, आणि खरे सांगायचे तर अण्णाही हसे. गेंदाच्या वादातली काही पत्रे सर दोघांनाही पाठवीत असत. अण्णाने फोन केला. आठ दिवसांनी स्पीड पोस्टाने जाड पाकीट आले : अकरा पत्रे, समासात गुरुबंधूंच्या पेन्सिलीच्या खुणा, आणि एका पानावर चहाच्या कपाचे गोल वर्तुळ. अण्णाने ती दोन दिवस वाचली, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या पत्रातल्या नक्षीबद्दल सरांचे म्हणणे साफ चूक होते असे मला तासभर समजावून सांगितले, आणि पाकीट कपाटात ठेवायला उठला. वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "त्या कपाटात काडी ठेवायला जागा नाही. आधी ते जुने गवताचे नमुने काढा बघू."